चौथ्या शीलाचा खोकला

दर रविवारी सकाळी आठ वाजता जुन्या हुबळीतल्या आमच्या विहारात वंदना होते. पांढरे कपडे घालून चटईवर बसायचं आणि भीमसेन सर म्हणतील तसं मागून म्हणायचं. आधी त्रिशरण, मग पंचशील. पहिलं शील जीव न घेण्याचं, दुसरं चोरी न करण्याचं, तिसरं वाकडी नजर न ठेवण्याचं. ही तिन्ही मी छाती काढून म्हणत आलो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते आलं की मला खोकला यायचा.

एकतीस वर्षं आला. बरोबर तेवढ्या ओळीपुरता. सरांचं 'मुसावादा' सुरू झालं की घसा धरायचा, आणि पाचव्या शीलाला पुन्हा साफ. पोरंसोरं माझ्या खोकल्यावरून अंदाज बांधायची की आता एकच शील राहिलं, मग खीर.

खोकला घशाचा नव्हता हे सगळ्या विहाराला ठाऊक होतं. मी दगडू, पोटासाठी वॉचमन आणि हौसेनं थापाड्या. भंगारातून इंजिनाची शिट्टी आणून मी चहाच्या किटलीला बसवली होती, आणि पहिला चहा उकळल्याबरोबर अर्धं केशवापूर बॅगा घेऊन माझ्या दारात आलं होतं, 'बेळगाव गाडी कुठल्या फलाटावर लागलीय' म्हणत. माझ्या सासऱ्याची म्हैस धारवाडात पेढेवाल्याच्या भट्टीशेजारी इतकी वर्षं बांधलेली की धार काढताना तांब्यात थेट पेढेच पडायचे. साखर तेवढी वरून घालावी लागायची. असलं सांगणारा माणूस दर रविवारी हात जोडून 'खोटं बोलणार नाही' म्हणाला, तर तीच सगळ्यांत मोठी थाप झाली असती. घेऊन मोडण्यापेक्षा न घेतलेलं बरं, म्हणून मी खोकायचो.

हे सगळं आधीच सांगून ठेवतो, कारण आता मला खोकला येत नाही. त्यामुळं पुढचं जसं घडलं तसंच सांगावं लागणार आहे. थोडं लंगडं वाटलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

विहारात माझ्या डाव्या हाताला आनंदा बसायचा. मी खोकलो की तो माझ्या डाव्या बरगडीत कोपर मारायचा आणि डोळे मिटलेलेच ठेवून हसायचा. हे आमचं ठरलेलं होतं. मग पाचवं शील यायचं, दारू न पिण्याचं, आणि आनंदा ते एवढ्या मोठ्यानं म्हणायचा की दोन गल्ल्या सोडून असलेल्या बारवाल्यानं शटर ओढून घ्यावं. (यातलं शटर माझं, आवाज खरा.) त्याचे वडील दारूत गेले होते. आनंदाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांना गटारीच्या कडेवरून उचलून आणलं आणि पुढच्या रविवारी यानं पाचवं शील घेतलं. त्यानंतर तेहतीस वर्षं थेंबाला शिवला नाही. कुणाच्या लग्नात रंगीत सरबत पुढं आलं तरी आधी वास घ्यायचा.

बुद्धांच्या शेजारी जो आनंद बसायचा, त्याचं काम ऐकायचं, असं भीमसेन सर एकदा पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या वाचनात म्हणाले होते. आमच्या आनंदाचंही तेच काम. तारिहाळच्या ज्या कारखान्याच्या गेटवर मी वॉचमन होतो तिथंच तो ठेकेदाराकडून झाडलोटीला होता. दुपारी डबा घेऊन माझ्या केबिनमध्ये यायचा. भाकरी मोडायची, चटणी माझ्याकडं सरकवायची आणि म्हणायचं, "हं, अण्णा. सोडा."

मी सोडायचो.

गेल्या श्रावणात मी मगर सोडली होती. कारखान्याच्या मागं सांडपाण्याची एक बंद टाकी आहे, जमिनीत, वर लोखंडी झाकण. त्या टाकीत एक मगर राहते, असं मी आनंदाला सांगितलं. मूळची दांडेलीची. पाण्याच्या टँकरमधून चुकून आली आणि इथंच कामाला लागली.

"कसलं काम?" आनंदानं विचारलं.

"गाळ खायचं. ठेकेदाराकडं आहे. पीएफ नाही, ईएसआय नाही. हातमोजे मागितले तर महेश म्हणाला, तुझ्या मापाचे येत नाहीत."

आनंदाला ठसका लागला. महेश म्हणजे आमचा ठेकेदार. आनंदानं स्वतः हातमोजे मागितले होते तेव्हा त्याला हेच उत्तर मिळालं होतं.

ती मगर महिनाभर चालली. सगळ्या कारखान्यात पसरली. शिफ्टचा इन्चार्ज किरण, धारवाडचा शिकलेला पोरगा, येता-जाता विचारायचा, "अण्णा, मगर वर आली का?" मी म्हणायचो, "आली होती साहेब, तुमची चौकशी करत होती."

एका शुक्रवारी मी गोष्ट अशा ठिकाणी आणून सोडली की मगरीला दांडेलीला परत जायचंय. नदीची फार आठवण येते. तिनं रात्रभर विचार करून बोचकं बांधलंय. पण गेटवरच्या रजिस्टरात तिची आत आल्याची नोंद नाही, आणि जो आत आलाच नाही त्याला वॉचमन बाहेर कसा सोडणार?

"मग?" आनंदा म्हणाला. त्याच्या हातातला घास तसाच होता.

"मग उद्या."

"उद्या शनिवार, सुट्टी."

"मग सोमवारी."

"असलं करता तुम्ही," तो म्हणाला, आणि घास तोंडात घालून उठला.

शनिवारी कारखाना बंद होता. मी गेटवर एकटा. दोनच्या सुमाराला महेश मोटरसायकलवर आला, मागं आनंदा. टाकी तुंबली होती आणि सोमवारी कुणी मोठे लोक बघायला येणार होते. आनंदा माझ्याकडं बघून हसला आणि बोटांनी खूण केली, काम उरकून येतो, मगरीचं आजच सांगा.

मी केबिनच्या दारातून बघत होतो. पुढचं मी जेवढं पाहिलं तेवढंच लिहितो. आनंदा म्हणाला, "गाळ ओढायची मशिनची गाडी बोलवा की." महेश म्हणाला, "गाडी सोमवारी संध्याकाळी मिळतेय. दोन मिनिटांचं काम, बोळा अडकलाय, तेवढा काढ." आनंदानं दोर मागितला. महेश म्हणाला, टाकी काय समुद्र आहे का? आनंदानं चपला काढून झाकणाशेजारी नीट जोडीनं ठेवल्या, विहाराच्या दारात ठेवतो तशा, आणि शिडीवरून खाली गेला. महेश गाडीला किक मारून चहाला गेला.

मी पाच मिनिटं थांबलो. मग टाकीपाशी जाऊन हाक मारली. मग पुन्हा मारली. खालून एक वास आला आणि माझे डोळे भरून आले. वाकून बघितलं तर त्याची पाठ दिसली.

माझ्याजवळ बटणांचा फोन आहे. किरणचा नंबर पहिला होता, तो मी लावला. म्हणालो, "साहेब, टाकीत माणूस पडलाय, लवकर कुणाला तरी पाठवा."

तिकडं घरात पोरं खेळत होती, आवाज येत होता. किरण हसला. "काय अण्णा, मगरीनं धरला का?" म्हणाला आणि फोन ठेवला.

मी परत लावला. त्यानं उचलला नाही. मग रस्त्यावर धावलो, सिटी बसला आडवा जाऊन ती थांबवली. दोन प्रवासी आणि कंडक्टर उतरले, बसमधलाच दोर घेऊन आले. आनंदाला वर काढलं तेव्हा बराच वेळ गेला होता. किती, ते नंतर डॉक्टरांनी सांगितलं. ते मी कुणाला सांगत नाही.

महेश परत आला, बघितलं, फोन केले. दोन-चार माणसं आली-गेली. मला केबिनमध्ये बसवून पाणी दिलं. संध्याकाळी मी बाहेर आलो तर आनंदाच्या चपलांशेजारी एक बाटली उभी होती. दुपारी तिथं बाटली नव्हती.

"अज्जा," महेश माझ्या शेजारी उकिडवा बसून म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी पिऊन आला, तोल गेला. तू काय पाहिलंस?"

मी म्हणालो, "काही नाही."

आयुष्यभर मी थापा मारल्या. त्यांना शेपूट असायचं, रंग असायचा, ऐकणाऱ्याला वाटेत कुठंतरी कळायचं की ही थाप आहे, आणि कळलं की तो जास्त खूश व्हायचा. ही दोन शब्दांची तेवढी खोटी निघाली. तिच्यात मगर नव्हती, म्हैस नव्हती, काहीच नव्हतं. असं खोटं आपल्याला येतं हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

भीतीनं बोललो म्हणावं तर ती होतीच. सत्तरीत दुसरी केबिन कोण देणार? पण खरी गोष्ट तो फोन होता. खरं सांगायचं तर फोनचं सांगावं लागणार, आणि फोनचं सांगितलं की मगरीचं.

सोमवारी रजिस्टर उघडलं. शनिवारचं पान नव्हतं. मगरीसारखीच आनंदाचीही नोंद नव्हती.

पोलिसांच्या कागदावर आलं, 'दारूच्या नशेत पाय घसरून मृत्यू'. कन्नड वर्तमानपत्रात चार ओळी, त्यातही तेच. रक्ताची तपासणी झाली होती, पण अहवालाला कित्येक महिने लागतील म्हणाले. तोवर हेच खरं.

आनंदाची बायको नागूबाई घरी ब्लाउज शिवते. दारातच मशीन आहे. बायका मापं द्यायला आल्या की हळहळायच्या आणि जाता जाता म्हणायच्या, "दादा पीत होते हे कधी कळलंच नाही हो, अक्का." ती मान वर करायची नाही. मशीन तेवढं जोरात चालवायची.

आनंदाच्या नावानं पुण्यानुमोदन होतं त्या दिवशी विहार भरला होता. भीमसेन सर शांत माणूस, शाळेतून रिटायर झाल्यापासून वर्षातून दोनदा दहा-दहा दिवस विपश्यनेला जातात. ते नागूबाईला म्हणाले, "ताई, श्वासाकडं लक्ष ठेवा. समता ठेवा. सगळं अनित्य आहे."

नागूबाई म्हणाली, "माणूस अनित्य झाला, सर. कागद कुठं होतोय?"

सरांनी जोडलेले हात खाली घेतले.

"मला त्यांची भरपाई वगैरे नंतर बघता येईल," ती म्हणाली. "ह्यांनी तेहतीस वर्षं एक गोष्ट सांभाळली. घर सांभाळलं असेल-नसेल, पण पाचवं शील सांभाळलं. ते त्या कागदावर काढून घेतलंय. मला तेवढं परत पाहिजे. कुणाकडं मागू ते सांगा."

सरांनी डोळे मिटले. पुढं ते मला म्हणाले की त्या वेळी ते श्वासच बघत होते, आणि त्यांना पहिल्यांदा असं वाटलं की आपण श्वास फार आरामात घेतोय.

सगळे गेले तशी नागूबाई माझ्यापाशी आली. "अण्णा, तुम्ही गेटवर होतात."

"होतो."

"काय झालं ते सांगा."

आणि मी सुरू झालो. काय करणार, सवय. म्हणालो, आनंदा त्या दिवशी फार खुशीत होता, आकाशात असे ढग होते, गेटवर एक पांढरा बगळा येऊन बसला होता, तो आनंदाकडं बघून मान हलवत होता... तिनं ऐकून घेतलं. पार बगळा उडून जाईपर्यंत ऐकलं.

"ही गोष्ट झाली," ती म्हणाली. "चांगली आहे. त्यांना आवडली असती. आता काय झालं ते सांगा."

मी चटईची कड उसवत बसलो. ती पदर सावरून उठली आणि गेली. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात मी आनंदाला फार शोधला. म्हणजे शोधायला तो नव्हताच, पण दुपारी डबा उघडला की चटणी डावीकडं सरकवायचो. एखादी थाप सुचली की दाराकडं बघायचो. थाप सुचायची, पण पुढं जायची नाही. पहिल्या वाक्यावरच बसून राहायची, बैल बसतो तशी. टाकीवर नवं कुलूप लावलं होतं. त्याच्या चपला पोलिसांनी नेल्या होत्या.

रविवार आला. मी नेहमीच्या जागी बसलो. डावीकडची जागा कुणी घेतली नव्हती, लोक आपणहून सोडून बसले होते. त्रिशरण झालं. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं. सरांनी चौथं सुरू केलं आणि थोडं थांबले, खोकल्याला जागा द्यायला. त्यांनाही सवय झालेली.

मी म्हणालो, "मुसावादा वेरमणी..." आणि शेवटपर्यंत म्हणत गेलो.

एकटाच म्हणत होतो, कारण बाकीचे गप्प झाले होते. एक पोरगं मागं वळून आईला म्हणालं, "आज्जा खोकलाच नाही." सरांनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. मी हात जोडलेलेच ठेवले. मग पाचवं शील आलं. ते आनंदाच्या आवाजाशिवाय फार बारीक वाटलं असतं, पण बायकांच्या रांगेतून नागूबाईचा आवाज आला. आनंदाएवढाच मोठा.

वंदना संपल्यावर खिरीला कुणी उठलं नाही. मी बसल्या जागी सगळं सांगितलं. चपला, दोर, दोन मिनिटं, बाटली, पान. फोनचं सांगितलं नाही. तेवढं गिळलं.

भीमसेन सरांनी दुसऱ्याच दिवशी कामगार खात्याला अर्ज लिहिला. सुंदर अक्षर, कन्नडात, तीन पानं. खाली विहारातल्या बावीस जणांच्या सह्या. महिनाभर त्याच्यामागं फिरले. ज्यांनी मला तीस वर्षं 'प्रतिक्रिया देऊ नका, दगडू' असं सांगितलं, ते सर सरकारी ऑफिसच्या पायऱ्या चढून आले की गुडघ्याला तेल चोळत बसायचे. शेवटी एक अधिकारी बाई चौकशीला येणार असं कळलं, बुधवारी अकराला, कारखान्यातच, टाकी बघायला.

बुधवारी तारिहाळच्या बसमधून आम्ही सगळे उतरलो. बावीस जण, पांढऱ्या कपड्यांत. घोषणा नाही, फलक नाही. गेटसमोर कडुनिंबाखाली रांगेत बसलो, पाठ ताठ, डोळे मिटून, श्वास बघत, आनापान करतात तसे. महेश गडबडीनं आला.

"हे काय? निदर्शनं करायला आलात काय?"

"नाही," सर डोळे न उघडता म्हणाले. "श्वास घ्यायला आलोय. तुमच्या टाकीत मिळत नाही म्हणे."

अधिकारी बाईंनी येता येता हे ऐकलं. टाकी बघितली, शिडी बघितली, टेप धरून खोली मोजून घेतली आणि माझ्याच केबिनसमोर खुर्ची टाकून बसल्या. चाळिशीच्या असतील. बोलणं कन्नडात.

महेश म्हणाला, "मॅडम, हा अज्जा म्हणतो त्यावर जाऊ नका. याच्या घरी चहा उकळला की रेल्वेची माणसं जमतात. या टाकीत मगर आहे असं हा महिनाभर सांगत होता. कुणालाही विचारा."

बाईंनी आमच्याकडं बघून विचारलं, "खरं आहे का? हा माणूस खोटं बोलतो?"

भीमसेन सर उभे राहिले. "होय," ते म्हणाले. "गेल्या महिन्यातल्या एका रविवारपर्यंत बोलत होता."

मग त्यांनी खोकल्याची सगळी हकिकत सांगितली. एकतीस वर्षं चौथ्या शीलाला कसा खोकायचा, का खोकायचा आणि कधी थांबला. "आमच्यात बरेच जण ते शील दर रविवारी घेतात आणि सोमवारी मोडतात, मॅडम. मीही त्यात आलो. यानं घेतलंच नव्हतं. आता घेतलंय. आमच्या माहितीत याच्याएवढं ते शील कुणी गंभीरपणे धरलेलं नाही."

बाईंना काय कळलं, किती कळलं, मला सांगता येणार नाही. त्या बराच वेळ पेनचं टोपण फिरवत होत्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "खरे हेळ्री, अज्जा." खरं सांगा. हुबळीच्या कन्नडातही खऱ्याला खरेच म्हणतात.

मी सांगितलं. विहारात सांगितलं होतं तेवढं सगळं. महेश हसत होता. "बाटलीचं काय?" म्हणाला. "आणि एवढं बघितलं तर त्या दिवशी का नाही बोलला? कारखान्यातल्या कुणाला हाक का नाही मारली?"

तो बरोबर विचारत होता. मी नागूबाईकडं बघितलं. ती बायकांच्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसली होती, माझ्याकडं बघत. बगळ्याची गोष्ट ऐकताना बघत होती तशीच.

"मारली," मी म्हणालो. "किरण साहेबांना फोन केला. ते हसले. म्हणाले, मगरीनं धरला का? कारण ती मगर मी सोडली होती. ती नसती तर ते धावत आले असते. आनंदाला वर काढायला जो उशीर झाला त्यातला काही माझा आहे. हे लिहून घ्या."

बाईंनी माझा फोन मागितला. बटणांचा फोन, त्यात त्या शनिवारचा कॉल होता. दोन वाजून बारा मिनिटं. सेकंद एकोणीस.

किरण ऑफिसच्या दारात उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. बाईंनी विचारलं, "हा फोन तुम्हाला आला होता?"

तो पायरी उतरून पुढं आला. "आला होता," म्हणाला. मग महेशकडं न बघता म्हणाला, "अण्णा म्हणाले, टाकीत माणूस पडलाय. मी मगरीचं बोललो. मॅडम, त्या दिवसापासून मला झोप नाही." पुढं म्हणाला, "आणि संध्याकाळी मी इथं आलो तेव्हा आनंदाच्या तोंडाला टाकीचा वास होता. दारूचा नव्हता. मीच त्याला गाडीत ठेवायला हात लावला होता."

बाई लिहीत राहिल्या. महेश फोन लावत बाजूला गेला.

पुढं अहवालही आला, रक्तात दारू नव्हती. तेव्हा महेशवर खटला उभा राहिला. तो अजून चालू आहे. किती चालेल सांगता येत नाही, आणि हल्ली मी सांगता येत नाही ते सांगत नाही. त्या टाकीला आता मशिनची गाडी येते. दुसऱ्या टाक्यांचं मला माहीत नाही. माझी केबिन गेली. किरणनं दुसरीकडं नोकरी धरली. दर पौर्णिमेला विहारात येतो, मागच्या रांगेत बसतो, डोळे मिटतो आणि उठून जातो. आम्ही त्याला खीर देतो. कधी घेतो, कधी नाही.

नवा कागद आला त्या दिवशी नागूबाईनं तो विहारात आणला. 'काम करताना, टाकीतील विषारी वायूमुळे मृत्यू. मद्याचा अंश नाही.' सरांनी कन्नडातून मराठी करून वाचलं. तिनं कागद घेतला, चार घड्या केल्या आणि ब्लाउजच्या मापांच्या वहीत ठेवला. बायकांकडं बघून म्हणाली, "दारूचं कुणी बोलत होतं ना, त्यांना सांगा. वही दारातच असते."

मग माझ्यापाशी येऊन बसली. डावीकडं.

"अण्णा, एक विचारायचं होतं."

"विचारा."

"त्या शुक्रवारी हे घरी आले ते मगरीचं सांगतच आले. तिनं बोचकं बांधलंय, पण रजिस्टरात नाव नाही, मग वॉचमन सोडेना. जेवताना चारदा म्हणाले, आता काय होणार काय की. शनिवारी सुट्टी असूनसुद्धा महेशबरोबर गेले ते थोडे त्यासाठीच. पुढचं ऐकून येतो म्हणाले. मग काय झालं तिचं?"

जुन्या दगडूनं तिथल्या तिथं मगर नदीला पोचवली असती, वाटेत अळणावरला चहा पाजून. पण मी शील घेतलं होतं. म्हणालो, "ताई, खरं सांगू का? मला पुढचं माहीत नव्हतं. मला कधीच माहीत नसायचं. आनंदा समोर बसून हसला की सुचायचं."

मला वाटलं तिला वाईट वाटेल. ती हसली. आनंदा गेल्यापासून पहिल्यांदाच.

"ते त्यांना ठाऊक होतं," ती म्हणाली. "घरी येऊन म्हणायचे, अण्णाला पुढचं काही येत नसतंय बघ. मी हसलो की तो एक पाऊल टाकतो. म्हणून मी कधीकधी हसू येत नसलं तरी हसतो."

ती उठून घरी मशीनकडं गेली. तिला दोन ब्लाउज द्यायचे होते.

मी तिथंच बसून राहिलो. म्हणजे इतकी वर्षं विहारात आम्ही दोन थापाडे शेजारी शेजारी बसत होतो, आणि त्यातला एक चौथं शील मोठ्यानं म्हणत होता.

मगर अजून गेटच्या आतच आहे. बोचकं उशाला घेऊन पडलीय. सोडावं तर मी वॉचमन राहिलो नाही, आणि गोष्ट पुढं न्यावी तर हसणारा नाही. भीमसेन सर म्हणतात, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असेल तर ते खोटं धरत नाहीत, सांगत जा, दगडू. पोरंही मागं लागतात. बघू.

रविवारी मी वेळेवर जातो. चौथं शील म्हणतो, न खोकता, शेवटपर्यंत. म्हणून झालं की डावी बरगडी थोडी पुढं काढून बसतो. पाचवं सुरू होईपर्यंत तसाच.